मगे धरूचो कित्याक?

मासा खाण्याच्या बाबतीत मी अधिकारी माणूस आहे. मूळ गाव मालवण तालुक्यातलं, जन्म डोंबिवलीचा. बाजारात गेलो की आधी कल्ला उघडून रंग बघतो, मग पोटावर अंगठा दाबतो, मग कोळिणीकडे 'आम्हाला शिकवू नका' अशा नजरेनं बघतो. तीही माझ्याकडे तशाच नजरेनं बघते आणि तिनं सांगितलेल्या भावात मी मासा घेऊन येतो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती, यावर मी आत्याशी तीन महिने अबोला धरलेला आहे. पण मासा पाण्यात असताना काय करतो, कुठे जातो, कधी जेवतो, याच्याशी पंचेचाळीस वर्षांत माझा संबंध आला नव्हता. तो आणला माझ्या मेहुण्यानं. मेहुणा शाकाहारी आहे.

सासुरवाडी साताऱ्याकडची. घरात तीन पिढ्यांची माळ. बायकोनं लग्नानंतर सहा महिन्यांत ती अडचण सोडवली आणि आता ती सुरमईचं डोकं माझ्यासाठी ठेवत नाही. मेहुणा मात्र ठाम राहिला. मग कुठल्याशा रात्री यूट्यूबवर त्याला एक गोरा माणूस दिसला. त्यानं हाताएवढा मासा पकडला, त्याच्याबरोबर फोटो काढला, त्याच्या कपाळाची पापी घेतली आणि त्याला परत पाण्यात सोडून दिलं. मेहुण्याला साक्षात्कार झाला. मासे पकडायचे, पण खायचे नाहीत! पुण्य शाबूत आणि थरारही. पुढच्या महिन्याभरात त्याच्याकडे रॉड आला, रील आलं, कुणी कापली तरी तुटणार नाही अशी विणलेली दोरी आली, रबरी माशांनी भरलेला डबा आला आणि सतरा खिशांचं जाकीट आलं. त्यातल्या सोळा खिशांत काही नव्हतं. सतराव्यात आवळासुपारी होती.

"दाजी, तुमचं गाव मालवण," तो म्हणाला. "तुम्हाला सगळं ठाऊक असणार."

अशा वाक्याला नाही म्हणणारा मालवणी माणूस अजून जन्माला यायचा आहे.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी बायकोसह आम्ही तिघं मालवणला पोचलो आणि संध्याकाळी रॉक गार्डनला गेलो. समुद्रकाठची बाग ही मुळातच चमत्कारिक कल्पना. समोर एवढा समुद्र फुकट पसरलेला असताना माणसाला बघायला जास्वंद लागते. पण बाग छान आहे. हिरवळ आहे, बाक आहेत, झाडांपलीकडे काळे खडक आहेत आणि त्या खडकांवर फुटणारं पाणी आहे. सूर्य अगदी समोर मावळतो. तो मावळायला लागला की बागेतली झाडून सगळी माणसं उठून कठड्यापाशी येतात आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहतात. फोटोत सूर्य मागे यायला हवा ना! एक गृहस्थ सूर्याला चिमटीत धरत होते आणि त्यांची पत्नी "अजून खाली, अजून डावीकडे, अहो तुमची डावी" असं सांगत होती. तेवढ्यात सूर्य गेला. चिमूट राहिली.

खरी गर्दी खडकावर होती. तिथे एक माणूस गरवत बसला होता. आमच्याकडे गळ टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात, आणि गळाला गरी. याच्याकडे रॉड नव्हता, रील नव्हतं. पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीला दोरी गुंडाळलेली, टोकाला शिसं आणि गरी. भोवती अकरा माणसं. खोदणाऱ्या जेसीबीभोवती आणि गरवणाऱ्या माणसाभोवती मराठी माणूस सारख्याच भक्तीनं उभा राहतो. फरक एवढाच, की जेसीबीवाल्याला सल्ला ऐकू जात नाही. "कणीक लावा कणीक," कोल्हापूरकडचे एक काका सांगत होते, "आमच्या रंकाळ्यात गोळीवर येतंय बघा." नवीन येणारा प्रत्येक जण आधी "काही लागलं का?" असं विचारत होता आणि तो माणूस मान न वळवता "नाय" म्हणत होता. मी मोजलं. वीस मिनिटांत चौदा वेळा. एवढ्या वेळा नाही म्हणून नोकरी टिकवणारा माणूस मी फक्त बँकेत पाहिला आहे.

पंधराव्यांदा कुणी विचारायच्या आत दोरी ताणली गेली. त्यानं हातावर हात टाकत ती ओढली आणि एक तळहाताएवढा मासा खडकावर येऊन आपटू लागला. टाळ्या पडल्या. लहान मुलं किंचाळली. "कुठला मासा, दाजी?" मेहुण्यानं मोठ्यानं विचारलं. अकरा माणसं माझ्याकडे वळली.

मी बघत राहिलो. मासा ओळखीचा वाटत होता, पण रव्यात घोळल्याशिवाय मला नाव सुचेना.

"स्थानिक आहे," मी म्हणालो.

रात्री लॉजवर तांडेलाला फोन लावायचं ठरलं. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. मेहुण्यानं "आम्हाला तुमचं फिशिंग चार्टर बुक करायचंय" असं सांगितलं, तेव्हा पलीकडे शांतता पसरली. मी फोन हिसकावून घेतला आणि म्हणालो, "गरवूक जावचा हा."

"तसा सांगा ना!" पलीकडचा आवाज मोकळा झाला. "कधी?"

"उद्या. शनिवारी सकाळी."

"शनिवारी अष्टमी हा."

फोन स्पीकरवर होता. मेहुण्यानं अदबीनं विचारलं, "मग आपला उपास असतो का?"

"उपास माका नाय," तांडेल म्हणाला, "माशांक असतलो."

त्याचं म्हणणं खरं होतं. पुनवेला आणि अवसेला समुद्राला उधाण असतं. भरती खूप चढते, ओहोटी खूप उतरते, पाणी धावतं, त्याबरोबर लहान मासळी धावते आणि तिच्यामागे मोठी. अष्टमीला सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवशी मासा सरकारी कचेरीतल्या दुपारसारखा असतो. जागेवर असतो, पण काम करत नाही.

भरतीची वेळ काढायला तांडेलाला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, झालं. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. साडेअकरा वाजता भरती आहे असं कुणी सांगितलं, तर पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ आली हे उलट गणितानंही कळतं. यासाठी त्याच्याकडे एक कालनिर्णय आहे. ते सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचेच, त्यामुळे ही काही बाहेरची विद्या नव्हे. आमच्याही स्वयंपाकघरात तेच कालनिर्णय लटकतं. पण त्यात तारखेचा आकडा मोठा छापतात आणि तिथी बारीक. आम्ही मोठं वाचतो, तांडेल बारीक वाचतो. बायकोच्या दुधाच्या हिशेबाखाली समुद्राचं अख्खं वेळापत्रक इतकी वर्षं झाकलेलं होतं, हे मला त्या रात्री कळलं.

"पण आम्हाला रजा शनिवारचीच आहे," मेहुणा म्हणाला.

"मासो काय तुमच्या ऑफिसात कामाक हा?"

तरीही त्यानं होकार दिला. चार तासांचे पाच हजार ठरले. फोन ठेवता ठेवता मी हळूच विचारलं, "पापलेट गावतला काय?" २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून मला त्याच्याबद्दल भुकेबरोबर थोडा नागरिकाचा आदरही वाटतो. तांडेलानं सुस्कारा सोडला. पापलेट गरीला लागत नाही म्हणाला, तो जाळ्याचा मासा. इतकी वर्षं ज्याचे तुकडे मोजून खाल्ले, त्याला पकडायची रीतच वेगळी आहे, हेही मला माहीत नव्हतं.

तांडेलाची होडी देवबागला. देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. एका हाताला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये माड आणि घरं. पहाटे सहाला, अजून उजाडायचं असताना, आम्ही खाडीच्या बाजूनं होडीत बसलो. किल्ल्याच्या बाजूला जायचं नाही, असं तांडेलानं आधीच सांगितलं होतं. १९८७ साली मालवणात सागरी अभयारण्य झालं आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचं पाणी त्याचा गाभा आहे. मेहुण्याला हे फार आवडलं. "म्हणजे तिथले मासे सुरक्षित," तो म्हणाला. "तेंका ठावक हा," तांडेल म्हणाला, "म्हणान ते भायर येनत नाय."

खाडीच्या मुखाशी, डाव्या हाताला भोगव्याचा किनारा दिसू लागला आणि होडीनं पहिली लाट घेतली. दुसरी माझ्या पोटानं घेतली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मराठीत उन्हाळी लागते, ऊन लागतं, दृष्ट लागते, आणि बोट लागते. हा वाक्प्रचार आमच्या कोकणी माणसानं उलट्या करून कमावलेला आहे. मुंबईहून गोव्याकडे जाणारी आगबोट बंदरा-बंदराला थांबत मालवणला यायची. आमचे आजोबा त्या बोटीनं गावी जात आणि पोचल्यावर दोन दिवस फक्त पेज घेत. मला बोट लागेल अशी शंकाही आली नव्हती. मालवणी माणसाला समुद्र कसा लागेल? नंतर लक्षात आलं, मालवणी आजोबा होते. मी डोंबिवली फास्टचा माणूस.

"लांब बघा सायबानू," तांडेल म्हणाला. "किनाऱ्याक बघा. खाली बघू नकात."

मी खाली बघितलं. बघूनच थांबलो नाही. मेहुण्यानं सतराव्या खिशातली आवळासुपारी पुढे केली, पण वेळ गेलेली होती. तांडेलानं पाण्याकडे समाधानानं पाहिलं.

"वाया जावचा नाय काय. आता मासे येतले."

जागा कुठली निवडायची, यावर मेहुण्यानं मोबाइल काढला. त्यावर समुद्राच्या तळाचा नकाशा होता, रंगीत. तांडेलानं मोबाइलकडे पाहिलं नाही. तो किनाऱ्याकडे बघत होता. एका माडाच्या मागे डोंगरावरचं एक विशिष्ट झाड आलं, दुसऱ्या बाजूला एका टेकडीच्या कडेला खालचा कातळ टेकला, की त्यानं इंजिन बंद केलं आणि नांगर सोडला. किनाऱ्यावरच्या खुणांच्या दोन जोड्या, त्यांच्या दोन रेषा आणि त्या जिथे छेदतात तिथे खाली खडप. बापानं दाखवलेलं. मेहुण्याच्या नकाशावर त्या ठिकाणी फक्त निळा रंग होता. दक्षिणेला दूर वेंगुर्ल्याच्या खडकांवरचं दीपगृह दिसत होतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो, कारण ते हलत नव्हतं.

पहिला तास मेहुण्याच्या रबरी माशांचा. हिरवा झाला, चंदेरी झाला, डोळे फिरवणारा झाला. एकाही माशानं ढुंकून पाहिलं नाही. शेवटी खलाशी पोरानं स्वतःचा डबा उघडला. आत सुंगटां आणि तारल्याचे तुकडे. सुंगटां म्हणजे कोळंबी.

"ही लावायची?" मेहुण्याचा चेहरा पडला.

"मगे काय लावतास? भेंडी?"

आता आली धर्मसंकटाची वेळ. मासा पकडून सोडायचा, हे ठीक. पण कोळंबीचं काय? ती तर सोडता येत नाही. माळकरी घराण्याचा वंशज कोळंबी दोन बोटांत निखाऱ्यासारखी धरून बराच वेळ बसला. मग त्यानं डोळे मिटले आणि ती गरीत ओवली. ओवताना काहीतरी पुटपुटला. मला 'पांडुरंग' एवढंच ऐकू आलं.

पाचव्या मिनिटाला रॉड वाकला. रील किरकिरलं. मेहुणा उभा राहिला, होडी कलली, मी बसल्या जागी परत लांब बघू लागलो. दहा मिनिटांच्या झटापटीनंतर वर आला तो गोबरा, वीतभराहून मोठा, तपकिरी ठिपक्यांचा, जाड ओठांचा. तोंड असं, की घरी कुणी पाहुणे आल्यावर आमचे थोरले काका करतात. पोरानं बर्फाच्या पेटीचं झाकण उघडलं.

"नाही नाही," मेहुणा म्हणाला. "सोडायचा आहे."

"सोडूचो?" तांडेल.

"हो. फोटो काढून."

तांडेलानं माझ्याकडे पाहिलं. मग पोराकडे. मग परत मेहुण्याकडे, अगदी समजूतदारपणे, एखाद्याला ताप आहे का ते बघावं तसं.

"मगे धरूचो कित्याक?"

मेहुण्यानं समजावायला सुरुवात केली. परदेशात हा खेळ आहे. माशाला इजा करायची नाही. ओल्या हातानं धरायचा. त्याचा आदर करायचा. तांडेलानं सगळं ऐकलं. "गरी तेच्या तोंडात घालतास," तो शेवटी म्हणाला, "वर ओढून काढतास, फोटो काढतास, आणि मगे सांगतास, जा बाबा. कोणी तुमका तसा केला तर?" मेहुण्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. माणूस पोटासाठी मासा मारतो, हे माशालाही एक वेळ समजेल. लाइकसाठी ओठ फाडणं त्याला कसं समजावणार?

पण ठरलं ते ठरलं. फोटो निघाला. आता पापीचा प्रसंग. मेहुण्यानं गोबरा तोंडाजवळ आणला. दोघांची नजरानजर झाली. आयुष्यात माशाचा वासही न सोसणाऱ्या त्या माणसानं क्षणभर प्रयत्न केला आणि मग गोबरा कपाळाला लावून नमस्कार केला. मासा पाण्यात गेला. शेपटीचा एक फटका, आणि दिसेनासा. तांडेल त्या पाण्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला, जणू कुणी त्याच्या समोर पाचशेची नोट बुडवली होती. मी बोट लागलेल्या अवस्थेतसुद्धा त्याचं सुकं, त्याची कढी आणि त्याचं डोकं असा हिशेब मांडत होतो.

त्यानंतर शिंगाळा आला. त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्याजवळच्या काट्यांत विष असतं. मेहुणा आदरानं ओला हात पुढे करणार, तोच पोरानं त्याचा हात झटकला आणि पक्कडीनं काटे मोडले. आदर जिथल्या तिथे राहिला.

मग तो मोठा. रॉड पार वाकला. मेहुण्याचे दंड थरथरू लागले. "दाजी, कॅमेरा! मोठा आहे, मोठा!" तो ओरडत होता. पाण्यातून वर आलं ते पांढुरकं, चार दात पुढे काढलेलं एक ध्यान. हवेत येताच ते फुगू लागलं. फुगता फुगता नारळाएवढं झालं. दोन बाजूंना दोन गोल डोळे आणि मधे पोपटासारखी चोच.

"केंड!" पोरगा म्हणाला, आणि तो आणि तांडेल दोघंही हसू लागले.

केंड विषारी असतो. त्याचा जपानी भाऊबंद फुगू म्हणून ताटात येतो, पण तो कापायला तिकडे आचाऱ्याला परवाना लागतो. आमच्याकडे त्याची चोच जाळी कुरतडते. केंडांची टोळी आली की जाळ्याची चाळण होते आणि रापणकरांचं आठवड्याचं काम वाढतं. मेहुण्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो त्या फुग्याला दोन्ही हातांत धरून लग्नातल्या नवरदेवासारखा उभा होता. सातेक फोटो झाले.

"आता सोडूया?" मेहुण्यानं भीत भीत विचारलं.

"सोडा, सोडा," तांडेल म्हणाला. "ह्येका सोडूक माझी काय एक हरकत नाय."

दहा वाजता आम्ही परत आलो. पाच हजार रुपये, एक गोबरा सोडलेला, एक शिंगाळा पोरानं ठेवलेला, एक केंड मुक्त. जमीन पायाखाली आली तरी दुपारपर्यंत हलत होती. बायकोनं दारात विचारलं, "अहो, काय आणलंत?" मेहुण्यानं तिला फोटो दाखवले. तिनं केंडाकडे बघितलं, मग भावाकडे. "याच्यासारखा दिसतोस," म्हणाली, आणि जेवायला खानावळीत घेऊन गेली. बांगडे होते. ते कुणी सोडले नाहीत.

रविवारी सकाळी देवबागच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो, तर रापण ओढणं चाललं होतं. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकतात, त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे माणसं रांगेनं ओढत मागे मागे सरकत येतात. पूर्वी एका रापणीवर गावच्या गाव जेवायचं. पर्ससीनच्या बोटींनी आणि रात्री दिवे लावून केलेल्या मासेमारीनं मासळी किनाऱ्यापर्यंत येईनाशी झाली, हे तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो काम न थांबवता सांगेल. आम्हाला एकानं थांबून सांगितलं, कारण आम्ही दोरीला हात लावला होता. मी दहा मिनिटं ओढली, त्यातली चार फोटोसाठी. मेहुण्यानं अर्धा तास. बायकोनं शेवटपर्यंत.

जाळं वाळूवर आलं. चकचकीत तारले, थोडे बांगडे, एक भांबावलेला खेकडा. वाटे पडू लागले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. आम्ही बाजूला होऊ लागलो, तर त्या म्हाताऱ्यानं हाक मारली.

"खय चाललास? दोरयेक हात लावलास ना? ह्यो तुमचो वाटो."

बायकोला दोन बांगडे आणि मूठभर तारले. मला सात तारले. मेहुण्यालाही पाच. तो ते ओंजळीत घेऊन समुद्राकडे बघत उभा राहिला. सोडून काही उपयोग नव्हता. त्यानं निमूटपणे ते बहिणीच्या पिशवीत टाकले आणि वाळूला हात पुसले. जेवताना त्यानं सोलकढी-भातच घेतला, पण तारले कुरकुरीत झाले आहेत का, हे मला दोनदा विचारलं.

निघताना मेहुण्यानं तांडेलाला फोन करून विचारलं, आता कधी यायचं. "अवसेच्या आसपास येवा," तो म्हणाला. गेल्या आठवड्यात मेहुण्यानं ऑफिसात रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात फक्त 'अमावास्या' लिहिलं. साहेबांनी एक शब्दही न विचारता तीन दिवस मंजूर केले.